पान्हा कोण सोडतं?

पहाटे पाचला गोठ्यात दिवा लागतो. गवळी आंबोणाची पाटी म्हशीपुढे सरकवतो आणि पारडू सोडतो. पारडू कासेला दोन-चार ढुशा मारतं, सड तोंडात धरतं आणि मिनिटभरात कास टणक होते, सड तटतटतात. मग पारडू बाजूला बांधायचं आणि चरवीत धार वाजू द्यायची. त्याच गोठ्यात एखाद दिवशी नवखं माणूस येऊन उभं राहिलं, कुत्रं भुंकलं, किंवा रोजचा धार काढणारा परगावी गेला, की हीच म्हैस पाय झाडते आणि पान्हा चोरते. कासेत दूध असतं, पण सडातून येत नाही.

‘चोरते’ हा शब्द गवळ्यांनी उगीच घडवलेला नाही. दूध तयार होणं आणि ते उतरणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्या कामाला मेंदूची संमती लागते, हे त्यात आलं. शास्त्राला ते सिद्ध करायला १९४१ साल उजाडलं. अमेरिकेत ईली आणि पीटरसन या दोघांनी दुभत्या गाईच्या पाठीवर मांजर ठेवलं, तिच्या कानाशी कागदी पिशव्या फोडल्या आणि दाखवून दिलं, की घाबरलेली गाय दूध उतरू देत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही धार काढणाऱ्या बाईने हा निष्कर्ष पिशव्या न फोडता सांगितला असता. पण त्या प्रयोगाने पुढचा प्रश्न उभा केला: पान्हा सोडतं कोण? कास, की रक्तातून आलेला कुठला निरोप, की तो निरोप पाठवणारा मेंदू?

निरोपाचं नाव ऑक्सिटोसिन. अवघ्या नऊ अमिनो आम्लांची ही साखळी. ती मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या चेतापेशींत तयार होते, त्यांच्याच लांब तंतूंतून खाली पिट्युटरीच्या मागच्या भागात येऊन साठते आणि पारड्याने सड चोखला, की रक्तात सुटते. रक्तात ती काही मिनिटांतच निम्मी होते, म्हणून पान्हा आला की हात भराभर चालवावा लागतो. व्हिन्सेंट द्यु व्हीन्यो यांनी १९५३ मध्ये ती प्रयोगशाळेत बनवली आणि १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. त्यानंतर हे औषध प्रसूतिगृहात आलं. कळा मंदावल्या की सलाइनमधून देतात ते हेच, आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला देतात तेही हेच. ते गोठ्यातही शिरलं. म्हशीचं रेडकू मेलं की पूर्वी पेंढा भरलेलं कातडं तिच्यापुढे ठेवत. मग तिथे चोरून सुई आली. कायद्याने ती बंद आहे, तरी अधूनमधून छाप्यांच्या बातम्या येतातच. पेंढ्याचं रेडकू म्हशीला निदान फसवत तरी होतं. सुई तिला विचारतच नाही.

आता ही पिट्युटरी कुठे असते ते पाहू. नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाशी, एका हाडात छोटासा खळगा आहे. शरीररचनाकारांना तो तुर्की खोगिरासारखा दिसला आणि तेच नाव पडलं. त्या खोगिरात वाटाण्याएवढी, जेमतेम अर्ध्या ग्रॅमची ही ग्रंथी बसते. तिच्या वर एका बारीक देठाने जोडलेला हायपोथॅलॅमस, वजन सुमारे चार ग्रॅम. दोन्हींच्या मधून डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदून जातात. म्हणून पिट्युटरीत गाठ वाढली, की कधी कधी पहिली तक्रार नजरेची असते. समोरचं नीट दिसतं, पण दोन्ही बाजूंचं पुसलं जातं. माणूस दाराच्या चौकटीला खांदा आपटत राहतो आणि चष्म्याचा नंबर बदलून पाहतो.

दुसऱ्या शतकात गेलन या वैद्याची समजूत होती, की मेंदूतला कफ या ग्रंथीतून गाळून नाकात उतरतो. लॅटिनमध्ये ‘पिट्युटा’ म्हणजे कफ, शेंबूड. त्यावरून हे नाव पडलं आणि सतराव्या शतकात ती समजूत खोटी ठरल्यावरही टिकलं. आपल्या पाठ्यपुस्तकांनी मात्र तिला ‘पियुषिका’ केलं. ते बहुधा उच्चाराच्या जवळिकीने सुचलं असावं. पण ‘पीयूष’ म्हणजे अमृत आणि नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीकसुद्धा, म्हणजे नाव कामाच्या फार जवळ पोचलं. (दादरला पेल्यात मिळतं त्या पियूषाशी तिचा संबंध नाही.) हायपोथॅलॅमसला ‘अधश्चेतक’ म्हणतात, पण तो शब्द परीक्षेपुरताच राहिला.

गर्भात ही ग्रंथी दोन ठिकाणांहून येते. पुढचा भाग टाळूच्या कातडीतून वर सरकतो, मागचा भाग मेंदूतून खाली उतरतो. मागचा भाग खरं तर ग्रंथीच नव्हे, हायपोथॅलॅमसच्या तंतूंची टोकं आहेत. तिथून दोनच संप्रेरकं सुटतात: ऑक्सिटोसिन, आणि मूत्रपिंडाला पाणी राखायला सांगणारं व्हॅसोप्रेसिन. रक्त एक-दोन टक्क्यांनी दाट झालं तरी ते वाढतं. ते अजिबात नसलं तर माणूस दिवसाला दहा-दहा लिटर लघवी करतो आणि रात्री उशाशी कळशी घेऊन झोपतो. पुढच्या भागाचा व्याप मोठा. वाढीचं संप्रेरक, दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन, थायरॉइडला चालना देणारं टीएसएच, अधिवृक्क ग्रंथीकडून कॉर्टिसोल काढून घेणारं एसीटीएच आणि बीजकोश-वृषणांना हाक मारणारी एलएच व एफएसएच. ही सहा नावं पाहूनच शाळेत आपल्याला शिकवलं, की पिट्युटरी म्हणजे सगळ्या ग्रंथींवर हुकूम चालवणारी ‘मास्टर ग्लँड’.

हा किताब तिच्याकडे टिकला नाही. आधी तिचा वरिष्ठ सापडला. १९३० मध्ये पोपा आणि फील्डिंग यांनी त्या देठातल्या रक्तवाहिन्यांचं जाळं दाखवलं, पण त्यांना वाटलं रक्त खालून वर, मेंदूकडे जातं. जेफ्री हॅरिस या इंग्रज शास्त्रज्ञाचं मत उलट होतं: हायपोथॅलॅमस काही रसायनं या वाहिन्यांत सोडतो आणि ती थेट पिट्युटरीवर पोचतात, शरीरभर फिरून नव्हे. १९४९ मध्ये ग्रीन आणि हॅरिस यांनी जिवंत उंदराची ही जागा उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. रक्त वरून खाली वाहत होतं. पुढे हॅरिसने पिट्युटरी जागेवरून काढून मेंदूखाली दुसरीकडे लावली, तेव्हा ती निकामी राहिली. हायपोथॅलॅमसखाली लावली, तेव्हा प्राण्याचं ऋतुचक्र सुरू झालं.

यावर सॉली झुकरमन यांनी जोरदार हरकत घेतली. फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा प्राणी वसंतात दिवस मोठा झाला की माजावर येतो. देठ कापलेली एक फेरेट उजेडामुळे माजावर आली, मग वाहिन्यांचं काय महत्त्व, असा त्यांचा सवाल. हॅरिसच्या बाजूचं उत्तर होतं की कापलेल्या वाहिन्या पुन्हा जुळतात. मध्ये मेणकागदाची चकती घातली, तर फेरेट माजावर येत नाही. एवढासा कागदाचा तुकडा, पण मला तो या सगळ्या वादातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

मग ही रसायनं पकडायची शर्यत लागली. रॉजर गिलमां आणि अँड्र्यू शॅली काही काळ ह्यूस्टनला एकाच ठिकाणी काम करत होते. १९६२ मध्ये वेगळे झाले आणि पुढची पंधरा वर्षं एकमेकांवर मात करायला झटले. गिलमां कत्तलखान्यांतून मेंढ्यांचे हायपोथॅलॅमस गोळा करत, शॅली डुकरांचे. लाखो मेंदूंचे तुकडे, टनांनी, आणि हाती काय? मिलिग्रॅमच्या हिशेबात पूड. अखेर १९६९ मध्ये दोघांनाही पहिलं नाव मिळालं, टीआरएच. तीन अमिनो आम्लं, बस्स. १९७१ मध्ये दहा आम्लांचं जीएनआरएच आलं. १९७७ चं नोबेल अर्धं या दोघांत, अर्धं रोझलिन यालो यांना, कारण त्यांनी आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातली इतकी सूक्ष्म मात्रा मोजायची रीत काढली होती. बर्सन १९७२ मध्ये आणि हॅरिस १९७१ मध्येच गेले. आज आपल्या गल्लीतल्या लॅबमध्ये तीनशे-चारशे रुपयांत जो थायरॉइडचा रिपोर्ट मिळतो, त्याची मूळ कल्पना यालो-बर्सन यांची.

म्हणजे हायपोथॅलॅमस राजा? तसंही नाही, आणि इथे मला पाटाचं पाणी आठवतं. कालव्याला पाणी आवर्तनाने सुटतं. पाटकरी दार उघडतो, शेत भिजतं, दार बंद होतं, जमिनीला वाफसा येतो. बारमाही पाणी तुंबलं की काय होतं ते सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यात दिसतं: जमीन क्षारपड, पीक गायब. जीएनआरएचचं अगदी असंच आहे. अर्न्स्ट नोबिल आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये माकडिणींवर दाखवलं, की हे संप्रेरक तासातून एकदा, काही मिनिटांपुरतं दिलं तर एलएच आणि एफएसएच नीट तयार होतात. तेवढंच सतत, संततधारेने दिलं तर पिट्युटरी गप्प बसते. मात्रा तीच असते, फरक पडतो तो ठेक्याने. ठेका जलद झाला तर एलएच वरचढ, संथ झाला तर एफएसएच. पीसीओडी असलेल्या बऱ्याच मुलींमध्ये हा ठेका जलद असतो, आणि रिपोर्टमध्ये एलएच जास्त दिसतं त्याचं मूळ इथे आहे.

यातूनच एक औषध निघालं, जे ऐकायला उलटं वाटतं. जीएनआरएचसारखंच दिसणारं ल्युप्रोलाइड महिनाभर शरीरात झिरपत ठेवतात, म्हणजे जमीन मुद्दाम तुंबवतात. सहा-सात वर्षांच्या मुलीची वयात येण्याची घाई त्याने थांबवता येते, प्रोस्टेटच्या कर्करोगात पुरुष संप्रेरक बंद पाडता येतं, टेस्टट्यूब बेबीच्या उपचारात बीज वेळेआधी फुटू न देण्याची सोय होते. एकच सुई, तीन वेगळ्या ओपीड्यांत.

हा ठेका धरणाऱ्या चेतापेशी मेंदूत हजार-दोन हजारच असतात आणि त्यांचा जन्म मेंदूत होतच नाही. गर्भाच्या नाकात त्या तयार होतात आणि वासाच्या तंतूंच्या सोबतीने चालत आत येतात. ती वाट चुकली तर मुलाला वासही येत नाही आणि मिसरूडही फुटत नाही. याला कॉलमन सिंड्रोम म्हणतात. सोळा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटला नाही म्हणून आईवडील घेऊन येतात, आणि डॉक्टर विचारतात, “फोडणी जळली तर तुला कळतं का रे?” गेलनचं नाक इथे पुन्हा भेटतं. गंमत म्हणजे शल्यचिकित्सकही पिट्युटरीची गाठ काढायला नाकातूनच जातात. हेर्मान श्लोफर यांनी १९०७ मध्ये ही वाट प्रथम धरली. आता दुर्बिणीने काम होतं आणि बाहेर टाकाही दिसत नाही.

वरिष्ठ हुकूम देतो हे अर्धंच चित्र. खालच्या ग्रंथीही वर कळवतात, आणि रोजच्या कारभारात त्या कळवण्याचं वजन जास्त असतं. थायरॉइडचं संप्रेरक रक्तात पुरेसं झालं की ते पिट्युटरी आणि हायपोथॅलॅमस दोघांनाही हात आखडायला लावतं. कमी पडलं, अगदी थोडं कमी पडलं, तरी टीएसएच कितीतरी पटींनी वाढतं. म्हणून टीएसएच ही फार संवेदनशील चाचणी, आणि म्हणूनच घराघरात तिचा आकडा ब्लडप्रेशरसारखा पाठ असतो. “माझा आठ आलाय, तुझा?” असं भिशीला विचारलं जातं. पण आठ म्हणजे थायरॉइड जास्त नव्हे, कमी. वाढलेला आकडा ही पिट्युटरीची ओरड आहे. गोळीचा डोस बदलल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणं वाया जातं, कारण थायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायलाच आठवडा लागतो आणि पिट्युटरीला नवा हिशेब पटायला सहा ते आठ आठवडे. आणि ओरडणारी पिट्युटरीच आजारी असेल तर? तर थायरॉक्सिन कमी आणि टीएसएच नॉर्मल. नुसता टीएसएच पाहणारा म्हणेल, सगळं ठीक आहे. या एका सापळ्यात अनेकजण सापडतात, त्याकडे पुढे येतो.

कॉर्टिसोलचा हिशेब घड्याळाशी बांधलेला आहे. डोळ्यांच्या नसा जिथे छेदतात त्याच्या अगदी वर हायपोथॅलॅमसचं घड्याळ आहे. ते उजेड पाहून चालतं. पहाटे एसीटीएच चढतं, सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसोल भरात असतं, मध्यरात्री तळाशी. दुपारी चारला केलेली चाचणी पाहून निदान करू नये ते यामुळे. या साखळीला सर्वांत जास्त धक्का आपण स्वतः देतो, स्टेरॉइडच्या गोळ्यांनी. दम्यासाठी, सांधेदुखीसाठी, कधी डॉक्टरांनी दिलेल्या, तर कधी ‘निव्वळ आयुर्वेदिक’ म्हणून पुडीतून आलेल्या. बाहेरून माल येतोय म्हटल्यावर पिट्युटरी एसीटीएच बंद करते आणि अधिवृक्क ग्रंथी आक्रसतात. मग कोणीतरी सांगतं, स्टेरॉइड वाईट, आणि माणूस एका दिवसात गोळी सोडतो. रक्तदाब कोसळतो, उलट्या सुरू होतात. झोपलेली साखळी जागी व्हायला महिने जातात, कधी वर्ष. म्हणून ती गोळी उतरवायची असते, टाकायची नसते.

प्रोलॅक्टिनचं वागणं सगळ्यांहून निराळं. बाकीच्यांना हायपोथॅलॅमस चालना देतो, याला तो डोपामिनने सतत लगाम घालून ठेवतो. देठ कापला तर बाकी सगळं घटतं आणि प्रोलॅक्टिन वाढतं. पिट्युटरी मेंदूच्या संरक्षक भिंतीबाहेर असल्यामुळे डोपामिन अडवणारी साधी औषधंही तिथे पोचतात. ॲसिडिटीच्या कितीतरी कॅप्सूलमध्ये डोम्पेरिडोन असतं. ती महिनोन्‌महिने घेतलेल्या एखादीची पाळी लांबते, अंगावर दूध येतं आणि घरचे गाठीच्या भीतीने एमआरआयला पळतात. आधी औषधांची पिशवी टेबलावर ओतून घ्यावी. खरीच गाठ असेल तरी प्रोलॅक्टिनची गाठ बहुतेक वेळा कॅबर्गोलिनच्या गोळ्यांनीच आकसते.

वाढीच्या संप्रेरकाबद्दल एकच गोष्ट सांगतो. लंडनमध्ये १७८३ मध्ये चार्ल्स बर्न नावाचा आयरिश तरुण बाविसाव्या वर्षी वारला. उंची साडेसात फुटांच्या घरात. जॉन हंटर या शल्यविशारदाला त्याचा सांगाडा हवा होता, हे ठाऊक असल्याने बर्नने आपल्याला समुद्रात बुडवा असं मित्रांना विनवलं होतं. हंटरने पैसे चारून प्रेत मिळवलंच आणि सांगाडा आपल्या संग्रहालयात ठेवला. १९०९ मध्ये हार्वे कुशिंग आणि आर्थर कीथ यांनी कवटी उघडली आणि ते खोगीर फुगलेलं निघालं. २०११ मध्ये त्याच्या दातांतून जनुकातला दोषही सापडला. त्याची इच्छा मात्र सव्वादोनशे वर्षं कोणी विचारात घेतली नाही. २०२३ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं तेव्हा सांगाडा प्रदर्शनातून काढला होता. ठेंगण्या मुलांना हेच संप्रेरक पूर्वी मृतांच्या पिट्युटरीतून काढून देत. त्यातून काहींना मेंदू पोखरणारा क्रॉइट्सफेल्ट-याकोब रोग झाला, १९८५ मध्ये ते थांबलं, आणि जिवाणूंकडून बनवून घेतलेलं संप्रेरक त्याच वर्षी बाजारात आलं.

‘मास्टर’ म्हणायला आणखी एक अडचण आहे. इन्शुलिन पिट्युटरीला विचारत नाही, ते साखर पाहतं. गळ्यातली पॅराथायरॉइड कॅल्शियम पाहते. उलट लेप्टिन हे चरबीतून निघणारं संप्रेरक हायपोथॅलॅमसला सांगतं की घरात धान्य किती आहे. फार उपाशी राहणाऱ्या किंवा अतोनात पळणाऱ्या मुलीची पाळी थांबते ती या निरोपामुळे. मला पिट्युटरी जुन्या मामलेदार कचेरीसारखी वाटते. वरचा हुकूम आणि खालचा अर्ज, दोन्ही तिच्याच टेबलावर येतात, आणि ती बंद पडली की गावाला पहिल्यांदा कळतच नाही काय बंद पडलं.

ती बंद पडण्याचं आपल्याकडचं एक जुनं कारण बाळंतपण आहे. गरोदरपणात प्रोलॅक्टिनच्या पेशी वाढतात, ग्रंथी चांगलीच फुगते, पण तिचं रक्त येतं त्याच कमी दाबाच्या वाहिन्यांतून. प्रसूतीत अतोनात रक्त गेलं की तिचा पुढचा भाग सुकून मरतो. हॅरल्ड शीहान या ग्लासगोत काम करणाऱ्या रोगतज्ज्ञाने १९३७ मध्ये याचं वर्णन केलं. काश्मीर खोऱ्यातल्या एका पाहणीत, वीस वर्षांवरच्या बाळंत झालेल्या बायकांत सुमारे ३ टक्क्यांना हा आजार निघाला. त्यातल्या निम्म्याहून अधिक घरीच बाळंत झालेल्या. घोणस चावल्यावरही हेच घडू शकतं, ते ब्रह्मदेशातल्या रुग्णांवरून १९८७ मध्ये नीट पुढे आलं. विषाने रक्त गोठतं आणि वाहतं, मूत्रपिंडं जातात, डायलिसिसवर माणूस वाचतो, सगळे देवाचे आभार मानतात. आणि दोन वर्षांनी त्याला दाढी करावी लागत नाही, उन्हात उभं राहवत नाही. भातखाचरात घोणस चावलेल्या माणसाला पुढे कधी थकवा आला तर हे आठवायला हवं.

बाईच्या बाबतीत तर दहा-पंधरा वर्षं जातात. तिला ‘कमजोरी’ असते, थंडी सोसत नाही, पाळी ‘लवकर गेली’ म्हणतात. टॉनिक होतं, सलाइन होतं. कोणीतरी थायरॉइड तपासतो, टीएसएच नॉर्मल. कोणी त्याहून हुशार थायरॉक्सिनही तपासतो, ते कमी दिसतं आणि गोळी सुरू करतो. ती आणखी धोक्याची, कारण कॉर्टिसोल नसताना थायरॉक्सिन दिलं की शरीराचा उरलासुरला साठाही संपतो. आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉइड, हा क्रम उलटून चालत नाही.

मग एका पहाटे जुलाबाचं निमित्त होतं आणि तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात आणतात. अर्धवट शुद्ध, साखर कमी, सोडियम कमी, रक्तदाब लागत नाही. चेहरा पिवळट, गुळगुळीत, काखेत केस नाहीत. रात्रपाळीची डॉक्टर मुलगी हायड्रोकॉर्टिसोनची सुई देते, आणि सोबत आलेल्या जावेला बाजूला घेऊन विचारते, “मावशी, यांचं शेवटचं बाळंतपण कसं झालं होतं? रक्त फार गेलं होतं का?”

“लई गेलं होतं बाई. गोधडी पिळावी इतकं.”

“आणि बाळाला अंगावर पाजलं होतं यांनी?”

“हिला कुठलं दूध! थेंब आला नाही. माझी कुसुम तेव्हा सहा महिन्यांची होती. एका बाजूला ती, एका बाजूला तो. माझ्याच अंगावर वाढलाय.”